स्टिअरिंगचा आवाज नेमका कुठला?

वापरलेली एसयूव्ही घरी आली की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग एखाद्या दिवशी सोसायटीच्या गेटातून वळताना 'कुंईऽऽ' किंवा 'कटकट' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये एक जण थेट स्टिअरिंगचा रॅक बदलायला सांगतो, तर दुसरा 'जुनी गाडी आवाज करणारच' म्हणून वाटेला लावतो. पहिला सल्ला खिशाला महाग पडू शकतो, दुसरा जिवाला.

आवाजाची जागा कानाने ओळखणे फसवे असते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पोलादातून 5000 मीटरहून अधिक. शिवाय धातूतून जाताना तो फारसा विरत नाही. त्यामुळे चाकाजवळची खटखट स्टिअरिंगच्या दांड्यातून वर चढते आणि डॅशबोर्डमागे झाल्यासारखी वाटते. म्हणून 'कुठे' या प्रश्नाआधी 'कधी' हा प्रश्न विचारावा. डॉक्टरही खोकला कोरडा आहे का, रात्री वाढतो का, हे आधी विचारतात, तसेच हे.

गाडी उभी, इंजिन चालू आणि स्टिअरिंग फिरवताना 'कुंईऽऽ' असा सूर येत असेल, तर आधी हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पाहा. ते कमी झाले की पंप हवा ओढतो. दाबाखाली हे बुडबुडे फुटतात आणि पंप कण्हू लागतो. डबीतले ऑइल फेसाळ दिसले तर हवा शिरल्याची ती खूण. मात्र नुसते ऑइल भरून थांबू नये. ते गेले कुठे, ती गळती शोधावी. कंपनीने सांगितलेलेच ऑइल वापरावे. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नये, त्याने रबरी सील खराब होतात. पूर्ण वळवल्यावर कर्कश किंचाळी येत असेल, तर बेल्ट सैल किंवा झिजलेला असू शकतो. स्टिअरिंग टोकाला नेल्यावर हलकी सुरसुर येणे बहुधा नेहमीचेच. पण तिथे ते काही सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, ऑइल तापते. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असलेल्या अनेक गाड्यांत हे ऑइल नसतेच, तेव्हा हा तपासही तिथे लागू नाही.

गाडी हळू चालत असताना, पूर्ण वळणावर चाकाच्या गतीबरोबर 'टक्-टक्-टक्' वाजत असेल, तर संशय सीव्ही जॉइंटवर. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर येते, पावसाळ्यातला चिखल आत जातो आणि सांधा झिजतो. पण पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असेल तरच हा सांधा पुढे असतो. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या एसयूव्हीत पुढे तो शोधण्यात अर्थ नाही. जुन्या पद्धतीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी 'फोर-एच'वर राहिली आणि कोरड्या रस्त्यावर वळवली, तर ती अडखळते, कटकटते. तिथे बिघाड नसून लिव्हर 'टू-एच'वर आणायचा राहिलेला असतो.

जुन्या दारासारखी 'कर्रर्र' ही घर्षणाची भाषा. दोन पृष्ठभाग चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. स्ट्रटच्या वरचे बेअरिंग किंवा कोरडा पडलेला बॉल जॉइंट असे वाजतो. सलग 'घूंऽऽ' वेगाबरोबर वाढत असेल आणि डावीकडे वळताना जास्त होत असेल, तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग पाहावे. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंगच्या चाकातच सळसळ होत असेल, तर आतली क्लॉक स्प्रिंग तपासावी. ती एअरबॅगला जोडलेली असते, म्हणून घरी उघडू नये.

खड्ड्यात 'खट' आणि स्टिअरिंगमध्ये ढिलाई, ही जोडी सर्वांत गंभीर. मेकॅनिकला गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम स्टँड लावायला सांगा. पुढचे चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड पाहावा; वर-खाली धरून जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बॉल जॉइंट पूर्ण निसटला तर चाक आडवे होऊ शकते, आणि घाटात सावरायला जागा नसते.

गाडी अजून घ्यायची असेल, तर विक्रेत्याला इंजिन आधी तापवू देऊ नका. थंड इंजिनावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, खाली वाकून बूट फाटले आहेत का पाहा, मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना गोल चक्कर मारा आणि आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. स्टिअरिंग अचानक जड झाले, ढिले पडले, वळणानंतर सरळ येईना किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणू नका. गाडी तिथेच थांबवून टो करून न्या.