बैलाचे लंगडणे : आधी निदान, मग उपचार

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी यात्रेकरूंना रामकुंड, काळाराम मंदिर व तपोवन यांमुळे ठाऊक आहे. शेतकऱ्यांस ती बाजार समितीच्या आवारामुळे आणि पेठ व दिंडोरी या तालुक्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांमुळे अधिक परिचयाची आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ही भोवतालची गावे आता नाशिक शहराच्या हद्दीत आली असून तेथील द्राक्षमळ्यांत ट्रॅक्टर वावरतो. तथापि पेठ रस्त्याने पुढे गेले की भातखाचरांचा डोंगराळ मुलूख लागतो. तेथील उतारावरच्या लहान खाचरांत चिखलणीचे काम बैलजोडीवाचून अद्यापि होत नाही.

अशा शेतकऱ्याचा एक बैल ऐन चिखलणीत लंगडू लागला, तर त्याचे नुकसान एका बैलापुरते राहत नाही. जोडीतला एक निकामी झाला की दुसराही दावणीला उभा राहतो आणि लावणीचे मोजके दिवस हातचे जातात. पंचवटीत पांजरपोळासारखी जुनी संस्था आहे व ती अपंग जनावरांस आश्रय देते हे खरे. परंतु बैल तेथे पोचविण्याची वेळच येऊ नये, हे अधिक श्रेयस्कर होय. पुष्कळ बैलांच्या बाबतीत ते साध्यही असते. मात्र त्यासाठी पाय का लंगडतो हे उपचारापूर्वी कळले पाहिजे.

डागण्याने गुण आल्याचा भास

बैल लंगडू लागताच खांद्यावर अथवा मांडीवर डाग देण्याची चाल खेड्यांत फार जुनी आहे. डागल्याने कित्येक बैल बरे झाल्याचे वयस्कर लोक खात्रीने सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. यातील मर्म असे, की पावसाळ्यात व त्यानंतर तिवा नावाचा ताप जनावरांत येतो. हा रोग विषाणूंमुळे होतो आणि चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो. त्यात जनावरास ताप भरतो, अंग ताठते, आणि आज एक पाय तर उद्या दुसरा पाय लंगडतो. बहुतेक जनावरे सुमारे तीन दिवसांत आपोआप सुधारतात. म्हणूनच त्यास तिवा हे नाव पडले. पहिल्या दिवशी डागलेला बैल चौथ्या दिवशी चालू लागला, की श्रेय डागण्यास मिळते. पुढे खरोखर हाड मोडलेल्या बैलासही तोच उपाय केला जातो. तेव्हा मात्र जखम चिघळते, मोडलेले हाड तसेच राहते व उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की लंगडणे दुखापतीचे आहे की रोगाचे? जनावरास ताप आहे काय, ते चारा खाते काय, रवंथ करते काय, हे आधी पाहावे. तोंडात फोड व लाळ असून खुरांच्या बेचक्यात व्रण असतील, तर ते लाळ्या खुरकूत समजावे. तरुण व धष्टपुष्ट जनावर पावसाळ्यात एकाएकी लंगडू लागले, ताप भरला आणि फऱ्यावरची सूज दाबताना कातडीखाली चरचर असा आवाज आला, तर तो फऱ्या अथवा एकटांग्या रोग असण्याचा मोठा संभव असतो. ही चरचर मोडलेल्या हाडाची नसून स्नायूंत साठलेल्या वायूची असते. असे जनावर एक-दोन दिवसांतच दगावू शकते. म्हणून ते चोळीत न बसता तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे, आणि या रोगाची प्रतिबंधक लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

पाय कसा तपासावा

रोग नाही अशी खात्री झाल्यावर बैल सपाट व कठीण जमिनीवर प्रथम उभा करून आणि नंतर सावकाश चालवून पाहावा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो जमिनीवर टेकताना बैल डोके वर उचलतो व चांगला पाय टेकताना डोके खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा चालताना अधिक वर-खाली होतो. जो पाय मुळीच टेकवत नाही, लोंबकळतो अथवा वाकडा दिसतो, त्या जनावरास चालवून पाहू नये.

यानंतर तपासणी खुरापासून सुरू करावी. गाईबैलांच्या लंगडण्याचे कारण बहुतेक वेळा खुरातच असते. खांद्यात किंवा कमरेत ते क्वचित आढळते. डांगी बैलाचे खूर काळे व टणक असल्याने ते खडकाळ मुलखात टिकतात. परंतु त्यांतही काटा, खिळा वा अणकुचीदार खडा शिरतोच. खूर पाण्याने स्वच्छ धुऊन तळवा व बेचके पाहावे. नाल मारल्यावर काही दिवसांनी बैल लंगडू लागल्यास एखादा खिळा जिवंत भागात गेला असावा, असा संशय घ्यावा. असा खिळा काढून पू वाहून जाऊ द्यावा लागतो. वाढलेले खूर वेळोवेळी कापून घ्यावेत आणि गोठा कोरडा ठेवावा.

खुरात दोष न आढळल्यास एकेक सांधा हाताने चाचपून वर जावे. सूज, ऊब व दुखरेपणा यांची तुलना दुसऱ्या बाजूच्या त्याच सांध्याशी करावी. नुसता पाय मुरगळला असल्यास पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या, त्यानंतर कोमट शेक आणि पूर्ण विश्रांती हा उपाय होय. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश करू नये. त्यामुळे आतील रक्तस्राव व सूज वाढते.

वाटी सरकणे

कामाच्या बैलांत एक विकार पुष्कळ आढळतो. सकाळी उठल्यावर बैलाचा मागचा पाय ताठ होऊन मागे ओढला जातो, खुराचे टोक जमिनीवर घासते व मग एकदम झटका बसून पाय पुढे येतो. काही पावले चालल्यावर चाल सुधारते. म्हणून दुर्लक्ष होते. येथे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असलेली गुडघ्याची वाटी वर सरकून त्या हाडाच्या उंचवट्यावर अडकते. यास डागणे वा तेल चोळणे निरर्थक आहे. पशुवैद्यक ती जागा बधिर करून वाटीचा आतील बाजूचा बंध कापतो. ही शस्त्रक्रिया लहान असून तिच्यामुळे पाय बहुधा तत्काळ मोकळा होतो. जखम भरेपर्यंत मात्र बैलास जुंपू नये.

हाड मोडल्यास

अस्थिभंग झाला असता पाय एकाएकी निकामी होतो, त्याचा आकार बिघडतो व नको त्या ठिकाणी तो हलतो. हाडांची टोके घासल्याचा आवाजही कधी कधी येतो. पण तो ऐकण्यासाठी पाय मुद्दाम हलवून पाहू नये. तसे केल्याने हाडाचे धारदार टोक कातडीबाहेर येते, आणि जी मोड सहज सांधली असती ती दूषित होऊन असाध्य ठरते.

अशा वेळी बैलास शांत ठेवावे. जखम असल्यास ती स्वच्छ कपड्याने झाकावी. मोड गुडघ्याच्या किंवा मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या खाली असेल, तर पायाभोवती कापसाचा अथवा मऊ कापडाचा जाड थर द्यावा. त्यावर बांबूच्या गुळगुळीत कामट्या चहूबाजूंनी लावून पट्टी बांधावी. मोडीच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे कामट्यांच्या आधारात आले पाहिजेत; नुसत्या मोडीवर बांधलेली आखूड कामटी तरफेसारखे काम करून हाड अधिक हलविते. पट्टी सैल नसावी, पण आवळूनही टाकू नये. खूर गार पडणे, पट्टीच्या खाली सूज येणे अथवा दुर्गंधी सुटणे ही रक्तप्रवाह थांबल्याची चिन्हे होत. घट्ट बांधलेल्या पट्टीने पाय सडतो, आणि मग चांगल्या वैद्याच्याही हाती काही उरत नाही.

हा बंदोबस्त केवळ प्रथमोपचार होय. पायाच्या खालच्या भागातील बंद मोड पशुवैद्यकाने प्लास्टर घातल्यावर बहुधा चांगली जुळते. वासरांत यास काही आठवडे पुरतात, मोठ्या बैलास दोन महिने वा अधिक काळ लागतो. मांडीचे व दंडाचे हाड खोल स्नायूंत असल्याने तेथे प्लास्टर उपयोगी पडत नाही. अशा वेळी क्ष-किरण चित्र घेऊन निर्णय करावा लागतो. मुंबईचे 1886 साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी हाडात सळई बसविण्याच्या शस्त्रक्रिया होतात. कमरेचा सांधा निखळला असल्यास तो पहिल्या एक-दोन दिवसांतच बसवणे सुलभ असते. म्हणून विलंब करू नये.

वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने टोचू नये. वेदना थांबली की जनावर मोडलेल्या पायावर भार देते. शिवाय डायक्लोफिनॅक या औषधाचा जनावरांसाठी वापर 2006 पासून बंद आहे. हे औषध दिलेले जनावर मेल्यास त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आणि नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे. पशुवैद्यक सुरक्षित औषध योग्य मात्रेत देऊ शकतो.

बसून राहिलेल्या जनावराखाली पेंढ्याचा जाड थर द्यावा, दर काही तासांनी त्याची कूस बदलावी, आणि चारा-पाणी तोंडाशी ठेवावे. दवाखाना दूर असल्यास 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी चौकशी करता येते.

पोळ्याच्या दिवशी बैलास नदीवर न्हाऊ घालतात, खांद्याला लोणी व हळद लावतात आणि ओवाळतात. वर्षभर राबणाऱ्या त्या पायांची आठवण एका दिवसापुरती नसावी. बैल लंगडला, तर डागणीचे लोखंड तापविण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी त्याचे अंग तापले आहे काय ते पाहावे, खूर उचलावा व सांधे चाचपावेत. आणि पाय मोडला असेल तर तो हलू न देता पशुवैद्यकास बोलवावे. या पहिल्या तासातील शहाणपणावरच पुढील हंगामात जोडी शेतात उतरते की नाही, हे बहुतांशी अवलंबून असते.