३१० कोटी अक्षरं आणि सी-बॅकमधला न विचारलेला प्रश्न

माणसाचा जनुकसंच म्हणजे चारच अक्षरं वापरून लिहिलेला सुमारे ३१० कोटी अक्षरांचा मजकूर. सेकंदाला एक अक्षर या वेगानं, झोप न घेता वाचत राहिलं तर ९८ वर्षं लागतील. त्यातलं सतराव्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-१ हे जनुक साधारण ८१ हजार अक्षरांचं. ज्यावरून प्रथिन घडतं तो भाग तर फक्त ५,५९२ अक्षरांचा; तो दीड तासात वाचून होतो. कर्जतला लोकलमध्ये बसून सुरुवात केली तर परळ यायच्या आत संपेल.

या ५,५९२ अक्षरांतली दोनच गळाली तर काय होतं, ते ‘१८५ डेल एजी’ या दोषात दिसतं. पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांमुळे तो जगाला माहीत झाला. दक्षिण भारतातल्या रुग्णांमध्येही सापडला आहे. दोन अक्षरं गेली की पुढची सगळी जुळणी सरकते आणि १,८६३ कड्यांचं प्रथिन चाळीस कड्यांच्या आत तुटतं. हे प्रथिन डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारं. बीआरसीए-१ मध्ये असा दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात ७२, तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची ४४, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळलं.

२०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांवर होती. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोनपैकी एका जनुकात घातक दोष असलेला माणूस साधारण चारशेंत एक, असा ढोबळ अंदाज धरतात. तो इथे लावला तर हजारभर माणसं होतात. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाड्यांत, कातकरी वाड्यांवर, खोपोलीच्या चाळींत विखुरलेली, आणि त्यांतले निम्मे पुरुष. बाप हा दोष आईइतकाच सहज पुढे देतो, प्रत्येक मुलाला आणि मुलीला निम्मी शक्यता. त्यामुळे फक्त आई आणि मावशीची चौकशी करून थांबणं मला घातक वाटतं. आत्याही विचारायलाच हवी.

माणसाचा जनुकसंच पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. आज नळीभर रक्तातून ही दोन्ही जनुकं काही आठवड्यांत वाचून मिळतात. खर्च वीस हजार रुपये धरला, तर रोजगार हमीच्या २०२५-२६ मधल्या ३१२ रुपये रोजानं ती ६४ दिवसांची मजुरी झाली. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाकडे असे ६४ दिवस बाजूला काढायला नसतात.

पैसे मिळाले तरी अहवालाचा अर्थ लावायचा असतो. सापडलेला बदल घातक की निरुपद्रवी, हे आधी तपासलेल्या लोकांशी ताडून ठरतं, आणि ते बहुतेक युरोपीय वंशाचे. जिनोमइंडिया प्रकल्पानं ८३ समाजांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले, हे मोठंच काम. पण भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणानं देशात ४,६३५ समाज नोंदवले आहेत. म्हणून ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आपल्याकडे वारंवार येतो. त्या शेऱ्यावरून कुणी अवयव काढून टाकू नये, हे बाईला तिच्या बोलीत, घाई न करता सांगणारा समुपदेशक यंत्राइतकाच गरजेचा आहे.

टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. आनुवंशिक कर्करोगावर डॉ. राजीव सरीन यांच्या गटानं तिथे वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथवर कुणाला पाठवायचं, हे मात्र गावातच कळायला हवं. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक हा आजारांच्या जोखमीचा फॉर्म भरतात. स्तनात गाठ आहे का, हे त्यात विचारलं जातं. कुटुंबाविषयीच्या प्रश्नात आजार तीनच: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार. आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, हा प्रश्न त्यात नाही. तो घालायला एक ओळ पुरेल. हजार वस्तीमागे एक आशा या हिशोबानं दोन तालुक्यांत चारशे आशाताई होतात; म्हणजे एकेकीच्या वाट्याला असा दोष असलेली दोन-तीन माणसं.

त्यांतलं एक सापडलं की भावंडं, मुलं, आत्या, मावश्या, चुलत-मावस बहिणी मिळून दहा-पंधरा जणांची तपासणी सोपी होते. त्यांच्यासाठी दोन्ही जनुकांची १५,८४९ अक्षरं पुन्हा वाचावी लागत नाहीत. दोष कुठे आहे ते ठाऊक झालेलं असतं. तेवढी एकच जागा बघायची.