बंदुकीची माशी पडली तर काय करावे? पीक संरक्षणाच्या बंदुकीविषयी माहिती

भात पोटरीत आले की रानडुकरांची राखण सुरू होते आणि परवान्याची बारा बोअर बंदूक बाहेर निघते. नेमके तेव्हाच लक्षात येते की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे तो मुगाएवढा पितळी मणी, जागेवर नाही. आटे सैल होऊन तो कुठेतरी गळून पडलेला असतो. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करताना आणि परत घेताना माशी आहे ना, हे बघून घेतलेले बरे.

माशी नसली तर काय बिघडते?

छर्ऱ्याच्या बंदुकीला बहुधा मागची खूण नसते, ते काम तुमचा डोळाच करतो. पुढे माशी नसली की गाल दस्त्यावरून नकळत वर उचलला जातो आणि बार वरून निघून जातो. बारीक छर्ऱ्यांचा फैलाव मोठा असल्याने तिथे हे खपून जाते. एलजी काडतूस किंवा एकच गोळी असेल तर खपत नाही. जखमी डुक्कर जाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या माणसावर उलटते.

नवी माशी घेण्याआधी

बंदूक उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार राहिलेला असू शकतो. तशी शंका असेल तर ती तशीच दुरुस्तीवाल्याला दाखवा.

माशी सगळ्या बंदुकांना एकच बसते, हा गैरसमज आहे. काही जुन्या बंदुकांत ती आट्यांशिवाय नुसती ठोकून बसवलेली असते. आट्यांची असेल तर जाडी साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आट्यांची माप पद्धत इंची किंवा मिलिमीटरची, दोन्ही आढळतात. जवळपासच्या मापाची माशी जोर लावून फिरवली की भोकातले आटे जातात आणि पाच मिनिटांचे काम मोठे होते. जुनी माशी सापडली तर ती घेऊनच जा.

काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ती नेऊ नका. जाताना स्वतःचा परवाना सोबत असू द्या.

काम करून घेताना

एकनळीत पट्टी नसेल तर माशीचे भोक थेट नळीच्या पत्र्यात असते, आणि आटे लांब असतील तर त्यांचे टोक नळीच्या आत डोकावते. सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. माशी बसल्यावर नळी उजेडाकडे धरून आतून बघा, टोक जराही वर आलेले दिसता कामा नये. लांबी आधीच कानशीने घासून कमी करायची असते. नळीवर पट्टी असेल तर भोक बहुधा पट्टीतच संपते, तिथे ही भीती कमी.

जुन्या माशीचा तुकडा भोकात अडकला असेल तर घरी ड्रिल लावू नका. नळीचा पत्रा टोकाला पातळ असतो. डाख लावून माशी चिकटवण्याचा सोपा वाटणारा मार्गही टाळा. पट्टी आणि नळ्या डाखानेच जोडलेल्या असू शकतात आणि कथील-शिशाचा साधा डाख दोनशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. म्हणजे माशी बसेल आणि पट्टी सुटेल. भोकातले तेल पुसून आट्यांवर निळ्या प्रकारच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरतो, पुढे गरज पडली तर माशी काढताही येते.

मूळ माशीपेक्षा उंच मणी घेऊ नका. डोळ्यापासून माशीचे अंतर साधारण ९० सेंटीमीटर धरले, तर माशी एक मिलिमीटर उंच झाल्याने ३० मीटरवर बार सुमारे तीन सेंटीमीटर खाली लागतो. छर्ऱ्यांना हा फरक किरकोळ, एकाच गोळीला मात्र दोन-तीन मिलिमीटरची चूक जाणवते. पांढरा किंवा लाल मणी संध्याकाळी चांगला दिसतो, पण तो मोठा घेतला तर लक्ष्यच झाकतो.

नव्या माशीने बार कुठे लागतो, हे शेतात गोळीबार करून बघू नका. त्यासाठी रायफल क्लबच्या मैदानावर परवानगीने जा. आणि माशी कितीही नीट बसली तरी रानडुकरावर बंदूक चालवायला वन विभागाची लेखी परवानगी लागतेच, बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.