आय-ट्वेंटी नावाची तीन पानं

मार्च-एप्रिल आला की महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येतं, "ॲडमिट आला!" कॉलेजचं अभिनंदनाचं पत्र आजी-आजोबांना वाचून दाखवलं जातं, पेढे वाटले जातात आणि अमेरिकेचं काम झालं असं सगळ्यांना वाटू लागतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कॉलेज मुलाला घ्यायला तयार आहे, एवढंच त्या पत्रात असतं. मुलानं अमेरिकेत कधी उतरायचं, कोणत्या कॉलेजात, काय शिकायला आणि कुणाच्या पैशावर, हे सगळं मांडलेलं असतं ते नंतर येणाऱ्या दुसऱ्याच एका कागदावर. त्याचं नाव आय-२०. मुलं त्याला 'आय-ट्वेंटी' म्हणतात.

पानं तीनच. घरोघरी त्याची एक प्रत बँकेत जाते, एक व्हिसाच्या फायलीत लागते, पण घरातली मंडळी एकत्र बसून तो ओळ न् ओळ वाचतात असं क्वचितच घडतं. फ्लॅट घेताना करारनामा वकिलाकडून तपासून घेणारे आई-वडील त्याच फ्लॅटवर शिक्षणाचं कर्ज काढतात आणि ज्या कागदासाठी ते काढलं तो मात्र मुलाच्या भरवशावर सोडतात. इंग्रजी येणं-न येणं हा त्यातला मुद्दाच नाही. मुलगा समजावून सांगू शकतो. फक्त कुणीतरी त्याला विचारायला हवं.

पहिल्या पानावर सर्वांत वर एक क्रमांक असतो, इंग्रजी 'एन' अक्षर आणि पुढे दहा आकडे. हा 'सेव्हिस' क्रमांक. त्याखाली नाव, कॉलेज, अभ्यासक्रम, तो कधी सुरू होणार नि कधी संपणार याच्या तारखा आणि अमेरिकेत लवकरात लवकर केव्हा उतरता येईल ती तारीख. नव्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी आत जाता येत नाही. स्वस्त मिळालं म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढून बसलेल्या कुटुंबाला ही ओळ उशिरा दिसते आणि तिकीट बदलण्याचा भुर्दंड बसतो.

नावाचा घोळ तर खास आपल्याकडचा. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा, आणि मुलाचं व वडिलांचं नाव बहुतेकदा दुसऱ्या रकान्यात शेजारी शेजारी. आय-२० निघतो तो पासपोर्टप्रमाणे. अर्ज मार्कशीट बघून भरला असेल तर एकाच मुलाची दोन नावं कॉलेजच्या संगणकात जाऊन बसतात. पासपोर्टवर एकच नाव असेल तर आणखी पंचाईत. ते एकुलतं नाव आडनाव धरलं जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरं येतात, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', पहिलं नाव अज्ञात. ती अक्षरं मग बँकेच्या खात्यापासून वाहन परवान्यापर्यंत मुलाचा पाठलाग करतात. आई-वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव परदेशात 'अज्ञात' होऊ द्यायचं नसेल तर कॉलेजचा अर्ज भरण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

त्याच पानावर पैशांचा हिशेब असतो. एका बाजूला वर्षाचा खर्च : ट्यूशन, राहणं-खाणं, इतर. दुसऱ्या बाजूला तो कुठून येणार : घरचे पैसे, कॉलेजची मदत, इतर कुणाची मदत. कॉलेजला निदान पहिल्या वर्षाच्या रकमेचा पुरावा लागतो, आणि तो हाताशी असलेल्या पैशाचा. बँकेची शिल्लक, एफडी, कर्जमंजुरीचं पत्र चालतं. गावाकडची तीन एकर बागायत किंवा सीएनं काढून दिलेलं फ्लॅटचं मूल्यांकन या हिशेबात धरलं जात नाही. जमिनीवर कर्ज मंजूर झालं तर ते पत्र धरलं जातं. हे माहीत नसल्यानं ऐन मे महिन्यात धावपळ करणारी घरं दर वर्षी दिसतात.

आकडे छातीत धडकी भरवणारेच असतात. नामांकित खासगी कॉलेजांमध्ये पदवीच्या एका वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्याही पुढे जातो. परदेशी मुलाची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश ठरवायचा आणि मग गरजेप्रमाणे पूर्ण मदत द्यायची, असं करणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अमहर्स्ट ही त्यांतली. तिथे शिरकाव होणं किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको. दुसरी एक वाट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, ती कम्युनिटी कॉलेजची. पहिली दोन वर्षं तिथे कमी फीमध्ये काढायची आणि मग क्रेडिट घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात जायचं. कॅलिफोर्नियात ही वाट चांगली रुळलेली आहे आणि पदवीवर नाव येतं ते शेवटच्या विद्यापीठाचं. मध्यमवर्गीय मराठी घरानं तिचा विचार जरूर करावा. नातेवाइकांनी न ऐकलेलं नाव एवढाच तिचा दोष.

मदतीचे जुने झरेही आहेत. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी मिळते. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले म्हणून, आणि त्या पैशापायी परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर त्यांना सही करावी लागली होती.

त्यांच्याही तीस वर्षं आधी, १८८३मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीनं निघाल्या तेव्हा व्हिसा नव्हता, आय-२० नव्हता. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजनं घेतलं, एवढं पुरेसं होतं. विद्यार्थी म्हणून वेगळी कायदेशीर सोय आली ती १९२४च्या कायद्यात, आणि आज ज्याच्या नावानं हा व्हिसा ओळखला जातो ते 'एफ' अक्षर १९५२च्या कायद्यातलं.

मग आत्ताची ही करडी नजर आली कुठून? ११ सप्टेंबर २००१च्या विमान अपहरणकर्त्यांपैकी एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता आणि वर्गात कधी फिरकलाच नव्हता. त्याहून हादरवणारी गोष्ट सहा महिन्यांनी घडली. मार्च २००२मध्ये फ्लोरिडातल्या एका विमानचालन शाळेत सरकारी पत्रं येऊन पडली. आधीच्या सप्टेंबरात स्वतःसह हजारोंचा जीव घेणाऱ्या दोघांना विद्यार्थी म्हणून राहण्याची परवानगी मंजूर झाल्याची ती पत्रं होती! कागद कुठे फिरतोय याचा कुणालाच पत्ता नव्हता. २००३पासून सेव्हिस ही संगणकीय नोंदवही सक्तीची झाली ती या पार्श्वभूमीवर. तेव्हापासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचं कॉलेज, पत्ता, विषय, किती क्रेडिट घेतले हे सगळं त्या वहीत असतं, आणि ती भरण्याची जबाबदारी कॉलेजातल्या एका ठरावीक अधिकाऱ्यावर असते. त्याला 'डीएसओ' म्हणतात. प्राध्यापकांइतकंच या माणसाला ओळखणं गरजेचं आहे.

कागद खरा असूनही फसगत होऊ शकते, याचं फार वेदनादायक उदाहरण मिशिगन राज्यातलं आहे. फार्मिंग्टन हिल्स या गावात 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं विद्यापीठ होतं. वेबसाइट होती, बोधचिन्हावर लॅटिन ब्रीदवाक्य होतं, सरकारी मान्यताप्राप्त यादीत नाव होतं, आय-२० मिळत होता. नव्हते ते फक्त शिक्षक आणि वर्ग. जानेवारी २०१९मध्ये उघड झालं की हे विद्यापीठ अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या गुप्त अधिकाऱ्यांनीच सापळा म्हणून चालवलं होतं. विद्यार्थी भरती करणाऱ्या आठ दलालांवर गुन्हे दाखल झाले. पहिल्या धाडसत्रात १३० विद्यार्थी पकडले गेले, त्यांतले १२९ भारतीय. वॉशिंग्टनमधल्या भारतीय दूतावासाला मदतीसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू करावी लागली.

त्यांतले बरेच जण आधीपासून अमेरिकेत होते. कुणाचं शिक्षण संपलं होतं, पण नोकरीचा व्हिसा लागला नव्हता. कुणाचं आधीचं कॉलेजच मान्यता गमावून बसलं होतं. शिकत असल्याचा कागद हातात ठेवून पहिल्या दिवसापासून काम करायची सोय त्यांना हवी होती. सरकारनं असा सापळा लावावा का, यावर अमेरिकेतही खूप टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण त्या टीकेनं त्या मुलांची वर्षं परत आली नाहीत. याआधी, २०११मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला तेव्हाही विद्यार्थी बहुतेक भारतीयच होते. तो सापळा नव्हता, ती सरळ लूट होती. भारतीय मुलांच्या पायांत रेडिओ पट्टे अडकवल्याचे फोटो त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते.

म्हणून सरकारी यादीत नाव आहे, एवढ्यावर थांबू नये. मान्यता देणारी संस्था कोणती, ती अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं मानलेली आहे का, वर्ग कुठे भरतात, शिकवतं कोण, हे विचारावं. 'पहिल्या दिवसापासून काम' ही ज्या कॉलेजची मुख्य जाहिरात असेल, त्याच्या वाटेला जाऊच नये. एजंटकडे जाण्याआधी 'एज्युकेशन-यूएसए' या अमेरिकी सरकारच्या सल्ला केंद्राशी बोलावं. मुंबईतही ते आहे आणि प्राथमिक मार्गदर्शनाला पैसे पडत नाहीत.

आय-२० हातात आला की पुढची रांग ठरलेली. सेव्हिसची फी भरायची. २०१९पासून ती ३५० डॉलर आहे. मग डीएस-१६० हा अर्ज, व्हिसाची फी, बोटांचे ठसे आणि मुलाखत. स्लॉट मिळणं हीच मोठी परीक्षा. २०२५च्या मे अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणं जगभर थांबवलं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवण्याच्या अटीवर. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणाऱ्या मुलांनी त्या तीन आठवड्यांत काय सोसलं असेल, ते त्यांच्या आया सांगतील.

मुंबईत मुलाखत होते ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. मोबाइल बाहेर ठेवून आत जायचं, आणि खिडकीसमोर उभं राहून काचेपलीकडच्या अधिकाऱ्याशी बोलायचं. महिनाभर तयारी केलेली ती मुलाखत बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत आटोपते. हेच कॉलेज का? पैसे कोण भरणार? वडील काय करतात? कायद्याच्या कलम २१४(बी)प्रमाणे समोर येणारा प्रत्येक जण कायमचा राहायला निघालाय, असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं असतं. तसं नाही, हे पटवून देणं मुलाचं काम. क्लासमध्ये घोटवून घेतलेली उत्तरं इथे उपयोगी पडत नाहीत. कॉलेजात काय शिकणार हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, आणि आय-२०वरचा पैशांचा आकडा तोंडपाठ हवा. कागद वाचलेला नसेल तर हे उघडं पडतं ते तिथेच.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९नंतर प्रथमच भारतानं चीनला मागे टाकलं. त्यांत पदवीला गेलेले सुमारे ३६ हजार. मोठा भरणा मास्टर्सवाल्यांचा. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण असते. आपली तीन वर्षांची बीए, बीकॉम, बीएससी तिथली बरीच विद्यापीठं चार वर्षांच्या पदवीबरोबरची मानत नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून घराघरांत त्याची चर्चाही होत नाही. फी भरण्याआधी विद्यापीठाला सरळ ईमेल करून विचारावं.

विमानतळावर शिक्का बसला तरी नोंदणी झालेली नसतेच. कॉलेजात गेल्यावर इंटरनॅशनल ऑफिसमध्ये पासपोर्ट आणि आय-२० दाखवायचा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस घेतल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी लागतो. तो नसेल तर विषय निवडण्याची खिडकीच उघडत नाही. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडत नसल्यानं आई माळ्यावरच्या ट्रंका उपसते ती या पायी. मग विषय घ्यायचे. पदवीच्या मुलाला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि ऑनलाइन विषय त्यांत एकच धरला जातो. गणित जड जातंय म्हणून डीएसओला न विचारता एक विषय सोडला आणि क्रेडिट ९वर आले, तर मुलगा विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क गमावू शकतो. नापास होण्यापेक्षा हे महागात पडतं. सत्र चालू असताना काम करायचं ते आठवड्याला २० तासांपर्यंत आणि कॉलेजच्या आवारातच. ओळखीच्या माणसाच्या दुकानात गल्ल्यावर बसणं कितीही साधं वाटलं तरी पहिल्या वर्षी ते पूर्ण बंद. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं.

अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून तीस दिवसांत डीएसओनं त्या 'एन' क्रमांकापुढे विद्यार्थी दाखल झाल्याची नोंद करायची असते. मुलानं हजेरीच लावली नाही तर ती नोंद रद्द होते आणि घरी बसून कुणाला ते कळतही नाही. तेव्हा ऑगस्टमधल्या पहिल्या फोनवर "नीट पोचलास ना, जेवलास का?" हे तर विचाराच, पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न आठवणीनं विचारा : "ऑफिसात जाऊन पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी दाखवून आलास का?"