एका गाण्याची उचल: २५ डॉलर

'डोन्ट बी क्रूएल' हे एल्विस प्रेस्लीचं गाणं, असं जग १९५६पासून म्हणत आलं आहे. रेकॉर्डवर गीतकार म्हणून दोन नावं छापलेली असत: ब्लॅकवेल आणि प्रेस्ली. यातल्या प्रेस्लीने गाण्याची एकही ओळ लिहिली नव्हती. आपण गाणी लिहीत नाही, असं तो त्या काळच्या मुलाखतींत मोकळेपणाने सांगायचाही. मग त्याचं नाव तिथे आलं कसं?

ओटिस ब्लॅकवेल हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. शिंप्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करून तो पोट भरायचा. १९५२ साली हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी गायकांची स्पर्धा त्याने जिंकली. भोवताली सगळा ब्लूज, पण याचा जीव जडलेला सिनेमातल्या काउबॉय गायकावर, टेक्स रिटरवर. काळ्यांचं ब्लूज आणि गोऱ्यांचं कंट्री यांच्या मिलाफातून रॉक अँड रोल जन्मलं म्हणतात. तो मिलाफ या इस्त्रीवाल्याच्या डोक्यात आधीच झालेला होता.

१९५५च्या नाताळच्या आदल्या दिवशी, हात अगदी आखडलेला असताना, त्याने ब्रॉडवेवरच्या एका संगीत प्रकाशकाला सहा गाणी दिली आणि प्रत्येकी २५ डॉलर उचल घेतली. त्यातलंच एक 'डोन्ट बी क्रूएल'. ते प्रेस्लीकडे गेलं तेव्हा अट आली: श्रेयात अर्धा वाटा द्या, नाहीतर गाणं घेत नाही.

ही अट कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला २ सेंट मिळत. रिवाजाप्रमाणे त्यातला निम्मा वाटा प्रकाशकाचा. उरलेल्या एका सेंटमध्ये भागीदार आला की लेखकाच्या हाती अर्धा सेंट. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तर ५,००० डॉलर. शिवाय अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला, गायकाला नाही. गायकाच्या माणसांचा त्या छापील नावावर डोळा होता तो यासाठी. प्रेस्लीच्या नावाची प्रकाशन कंपनीही होतीच. ब्लॅकवेलने अट मान्य केली. हे गाणं आणि 'हाउंड डॉग' यांची रेकॉर्ड अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. आख्ख्या गाण्याचे शून्य पैसे घेण्यापेक्षा अर्ध्याचे घेणं परवडलं, हे त्याचं गणित चुकीचं म्हणता येणार नाही.

पण माझ्या मते खरा तोटा या हिशेबात दिसतच नाही. ब्लॅकवेल गाणं कागदावर देत नसे; पियानोवर बसून स्वतः गाऊन नमुन्याची रेकॉर्ड, म्हणजे डेमो, करून देई. शब्द कुठे तोडायचा, कुठे गिळायचा, कुठे हुंकार भरायचा, सगळं त्यात असे. प्रेस्ली ते लक्षपूर्वक ऐके आणि ती धाटणी जवळजवळ तशीच उचले. २ जुलै १९५६ रोजी स्टुडिओत 'डोन्ट बी क्रूएल'चे २८ टेक झाले, म्हणजे मेहनत त्याचीही होतीच. त्याला चोर ठरवायचं कारण नाही. मात्र कायदा शब्दांना आणि चालीला मालक मानतो, गायकीच्या लकबीला मानत नाही. जगाने एल्विसची म्हणून डोक्यावर घेतलेल्या लकबीत ब्लॅकवेलचा वाटा केवढा, हे कोणत्याच करारात लिहिलेलं नव्हतं.

पुढे 'ऑल शुक अप'वरही तीच दोन नावं आली. जेरी ली लुईसचं 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' आणि 'ब्रेथलेस', जिमी जोन्सचं 'हँडी मॅन', विनफिल्ड स्कॉटसोबत लिहिलेलं 'रिटर्न टू सेंडर' हीदेखील ब्लॅकवेलचीच. 'फीव्हर'ची गंमत तर वेगळीच. जुन्या कराराने हात बांधलेले, म्हणून एडी कूलीबरोबर लिहिलेल्या या गाण्यावर त्याने सावत्र वडिलांचं नाव लावलं: जॉन डेव्हनपोर्ट. १९५६ला लिटल विली जॉनने ते गाजवलं. १९५८ला पेगी लीने डबल बेस, ड्रम आणि चुटक्यांवर गाऊन घरोघरी पोचवलं, पदरचे नवे शब्द घालून! १९६०मध्ये प्रेस्लीनेही ते गायलं. आपल्याकडे शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफून ठेवत, ते किती शहाणपणाचं होतं ते अशा वेळी पटतं.

ब्लॅकवेल आणि प्रेस्ली एकमेकांना कधीच भेटले नाहीत. १९९१मध्ये ब्लॅकवेलला अर्धांगवायूचा झटका आला आणि ६ मे २००२ रोजी नॅशव्हिलमध्ये तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला मान दिला तो २०१०मध्ये.

त्याच्या स्वतःच्या आवाजात १९५३ सालचं 'डॅडी रोलिंग स्टोन' उपलब्ध आहे, 'डोन्ट बी क्रूएल'च्या तीन वर्षं आधीचं. ते आधी ऐका, मग एल्विस लावा, आणि कोण कोणासारखं गातोय ते तुम्हीच ठरवा.