बागेचा न झाडलेला कोपरा

होळी उलटली की मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक बागांतून सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत एक निराळा वर्ग दिसू लागतो. गळ्यात दुर्बीण, खिशात छोटी वही आणि वाटेत मध्येच थबकण्याची खोड ही त्याची लक्षणे. बँकेतील कारकून, शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील दोन-चार मुले अशांचा हा वर्ग असतो. झपाझप चालणाऱ्यांना त्यांची अडचण होते. दहा-दहा मिनिटे एका झुडपाकडे टक लावून उभ्या असलेल्या प्रौढ माणसाविषयी त्यांना थोडे कुतूहल आणि थोडी कीवही वाटते. वस्तुतः त्या झुडपात जे चाललेले असते, ते वर्षातील थोडेच दिवस पाहावयास मिळते.

पक्ष्यांचे स्थलांतर म्हटले की आपल्याकडे हिवाळा, जलाशय आणि बदकांचे थवे डोळ्यांसमोर येतात. परतीचा प्रवास सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. युरोपात वसंत हा पक्ष्यांच्या आगमनाचा ऋतू. महाराष्ट्रात तो मुख्यतः निरोपाचा. थिरथिरा, धोबी, वटवट्यांच्या अनेक जाती फाल्गुन-चैत्रात उत्तरेकडे निघतात. आलेल्या पाहुण्याची तारीख वहीत सहज चढते. गेलेल्याची मात्र मागाहून ठरवावी लागते: तो काल दिसला होता, आज नाही, उद्याही नाही, तेव्हा कालचा दिवस अखेरचा. हा निष्कर्ष काढावयाचा तर रोज हजेरी हवी. छंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या उद्योगात एवढी शिस्त अध्याहृत आहे.

या पाहुण्यांत ब्लाइथ या पक्षिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक वटवट्या आहे. रंगाने मळकट तपकिरी, वजनाने जेमतेम दहा-बारा ग्रॅम. दिसण्यात तो इतका सामान्य की नवख्याने त्याच्याकडे पाहूच नये. तरीही हा जीव फिनलंडपासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशात घरटी करतो आणि हिवाळा भारतीय उपखंडात काढतो. निघण्यापूर्वी असे पक्षी भरपूर कीटक खाऊन अंगात चरबी साठवतात. ही चरबी म्हणजे प्रवासाचे भांडवल. हे छोटे पक्षी बहुधा रात्री उडतात, पहाटे खाली हिरवळीचा जो तुकडा दिसेल त्यात उतरतात आणि खर्चिलेले भांडवल भरून काढतात. शेकडो चौरस किलोमीटरच्या सिमेंटमध्ये असा तुकडा सापडणे किंवा न सापडणे ही त्यांच्यासाठी जगण्यामरण्याची बाब असते.

भोरड्यांचे म्हणजे गुलाबी मैनांचे तसे नव्हे. त्या थव्याने येतात, गोंगाट करतात, सावर-पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर तुटून पडतात; त्यांना पाहण्यास दुर्बीण लागत नाही. ज्वारीचा शेतकरी त्यांना शिव्या देतो, आणि त्याचे चूक नाही. परंतु मध्य आशियात पोहोचल्यावर हेच पक्षी टोळ फस्त करतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांना आवर घालण्यासाठी त्यांना घरट्यांकरिता मुद्दाम जागा बांधून देण्यात आल्या. एकाच पक्ष्याच्या नावे एका देशात नावे बाजू आणि दुसऱ्या देशात जमा बाजू! असा हिशेब कोणत्याही एका राष्ट्राच्या अंदाजपत्रकात बसावयाचा नाही.

तो शहराच्या अंदाजपत्रकात तर मुळीच बसत नाही. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान याचे बोलके उदाहरण होय. मिठी नदीच्या काठावरील ही सदतीस एकर जमीन १९७०च्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. पुढे त्या कचऱ्यावर माती पसरून झाडे लावण्यात आली, पावसाचे पाणी साठवणारे तळे झाले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. एका बाजूस धारावी, नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल. देशातील सर्वांत महाग जमिनींत जिची गणना होते, ती या उद्यानातून डोळ्यांना दिसते. कचऱ्याच्या ढिगाला कोणी भाव पुसत नव्हते. जंगल उभे राहिले तोवर भोवतालचे भाव आकाशाला भिडले. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होताच या उद्यानाचे काय, असा प्रश्न निघाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचे न्यायालयात सांगण्यात आले. निर्णय योग्यच. परंतु ज्याच्या वाट्याला असा खटला येत नाही, त्या साध्या नगरपालिकेच्या बागेचे काय?

तिला धोका बांधकामापेक्षा सुशोभीकरणाचा अधिक आहे. झुडपे काढून हिरवळ लावली जाते, पाचोळा जाळला किंवा उचलला जातो, वाटेवर फरशी आणि झाडांवर रंगीत दिवे येतात. पाचोळ्यातील किडे गेले की वटवट्याची शिदोरी गेली. रात्रीच्या झगमगाटाने रात्रीचे प्रवासी भांबावतात. हे सारे सद्हेतूने चालते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामागे एक साधे अर्थशास्त्रही आहे. फरशी बसवण्याची निविदा निघते, तिचे देयक मंजूर होते, उद्घाटनाला पाटी लागते. एक कोपरा न झाडता तसाच राहू देण्याचे देयक मात्र कोणी काढू शकत नाही. जे काम न करण्यातच खरे काम आहे, त्याला आपल्या कारभारात लेखाशीर्ष नाही.

याउलट वहीवाल्या मंडळींनी समाजाला काय दिले ते पाहावे. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार होता आणि तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा होता. या नोंदींसाठी कोणालाही पगार मिळाला नव्हता. दीर्घकालीन कल ज्यांचा सांगता आला त्या ३३८ जातींपैकी साठ टक्के घटत्या आढळल्या. सरकारी यंत्रणेला एवढी मोजणी करावयाची असती, तर किती वर्षे लागली असती आणि किती भत्ते द्यावे लागले असते, याचा अंदाज कार्यालयात काम करणाऱ्या वाचकाला सहज करता येईल. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन वैद्यकी करणारे गृहस्थ होते. हौशी माणसाची ही परंपरा आयात केलेली नव्हे.

नगरपालिकांनी फार काही करावयाचे नाही. प्रत्येक बागेचा दहावा हिस्सा फाल्गुन ते ज्येष्ठ हात न लावता ठेवावा, तेथील दिवे रात्री दहाला मालवावेत आणि नवी लागवड करताना विदेशी शोभेच्या झाडांऐवजी सावर-पांगाऱ्याचा विचार करावा. ज्येष्ठापर्यंत म्हणण्याचे कारण असे की निरोपाचा ऋतू संपतो न संपतो तोच एक पाहुणा उलट दिशेने येतो. मेच्या अखेरीस, पावसाच्या थोडा आधी, दक्षिणेकडून नवरंग महाराष्ट्रात पोहोचतो. तोही रात्रीच प्रवास करतो, आणि दरवर्षी मुंबईत एखादा थकलाभागला नवरंग कोणाच्या सज्जात किंवा जिन्यात सापडतो. त्याला उतरावयास हवी असते दाट झुडपाची सावली आणि खाली ओला पाचोळा. नेमक्या त्याच दिवसांत बागांतून पावसाळापूर्व छाटणी जोरात चालू असते.