गाडीचे सांधे आणि घरचा पाना

व्यापारी मनुष्य काट्याकडे पाहतो, मापांकडे पाहतो, पोत्याच्या शिवणीकडेही पाहतो. परंतु ज्या गाडीतून तो बाजारपेठेत जातो आणि जीत मुलेबाळे बसवून लग्नकार्यास सोलापूर-लातूरकडे निघतो, तिच्या पुढील चाकांच्या सांध्यांकडे सहसा पाहत नाही. गाडी चालते आहे, मग सर्व ठीक आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती फसवी आहे आणि तिच्यावरील उपाय बराचसा घरच्या अंगणातच कसा होऊ शकतो, हे सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या सेवेस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपला बिदर-कलबुर्गीचा मुलूख तुरीसाठी नावाजलेला आहे. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि जी काळी माती तूर पिकवते, तीच सडका बिघडवते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरील रस्ता कोठे खचतो, तर कोठे उचलला जातो. हुमनाबादेस हमरस्ता सोडून खेड्यांच्या वाटेस लागले की प्रत्येक खड्ड्याचा धक्का प्रथम चाकाच्या सांध्यास बसतो.

हा सांधा म्हणजे मनुष्याच्या खुब्यासारखी रचना होय. पोलादी वाटीत पोलादी गोळी, मध्ये ग्रीस आणि वर रबरी टोपी. चाक वळविणाऱ्या दांड्याच्या टोकाशी असतो तो टाय रॉड एंड. चाकास खालच्या आर्मशी जोडतो तो बॉल जॉइंट. पोत्यास भोक पडले की धान्य सांडते, तद्वत रबरी टोपी फाटली की ग्रीस निघून जाते, धूळ व पाणी आत शिरते आणि गोळी झिजू लागते. झीज वाढत जाऊन गोळी वाटीतून निसटली, तर चाक आडवे होते किंवा सुकाणूचे ऐकत नाही. तो क्षण भरल्या गाडीत, वेगात आला तर काय होईल, हे सांगावयास नको.

पूर्वी याबाबत एक शिस्त आपोआप पाळली जात असे. अॅम्बॅसॅडर गाडी, तसेच सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी, या दोहोंच्या पुढील चाकांच्या खुंट्यांना ग्रीस भरावयाची निपले असत. ग्रीस भरण्याच्या निमित्ताने कोणीतरी वाकून खाली पाहत असे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्या व तिच्या मागून आलेल्या बहुतेक गाड्यांचे सांधे बंद डबीसारखे असतात. त्यांत ग्रीस भरावे लागत नाही, म्हणून कोणी वाकतही नाही. सोय वाढली, पण नजर सुटली. आमचे म्हणणे एवढेच की ग्रीसची पाळी गेली, तरी पाहण्याची पाळी जाऊ देऊ नये.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. खड्ड्यात कटकट आवाज येतो. स्टिअरिंग थोडे फिरविले तरी चाक लागलीच दाद देत नाही. टायर एकाच कडेने झिजतो. परीक्षेसाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागील चाकांना दगड लावावेत आणि पुढील चाक जॅकने उचलून चौकटीखाली लोखंडी स्टँड ठेवावे. केवळ जॅकवरील गाडीखाली कोणीही हात घालू नये. विटांचा किंवा पोत्यांचा आधारही चालत नाही. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. सैल लागल्यास टाय रॉड एंडचा संशय घ्यावा. वर-खाली धरून हलविता सैल लागल्यास बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा दोष असतो. एकाने चाक हलवावे व दुसऱ्याने दिव्याच्या उजेडात सांध्यावर नजर ठेवावी, म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते कळते.

टाय रॉड एंड बदलण्याचे काम घरातील हुशार तरुणास जमण्यासारखे आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत व चाक काढून सांधा घासून स्वच्छ करावा. लॉकनट सैल करून जुना एंड किती आट्यांपर्यंत बसला आहे याची खूण करून ठेवावी. कॉटर पिन काढून नट ढिला करावा, पण पुरता काढू नये. सांध्याची निमुळती खुंटी घट्ट बसलेली असते. ती पुलरने सोडवावी. आट्यांवर हातोडा मारू नये. मग नट काढून, फेरे मोजत जुना एंड बाहेर काढावा व तितक्याच फेऱ्यांनी नवा बसवावा. खुंटी व तिचे भोक कोरडे व स्वच्छ असावे, तेथे ग्रीस लावू नये. नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावा. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे कधीही फिरवू नये. पिन प्रत्येक वेळी नवीन घालावी. एवढ्याशा तारेवर साऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र तारतम्य हवे. काही गाड्यांत तो आर्मसहच बदलावा लागतो. अशा वेळी रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबर पिळवटून लवकर फाटते. मारुतीसारख्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्येच बंदिस्त असते. परंतु जुन्या पद्मिनीसारख्या गाडीत दाबलेली स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. ती सुटल्यास मनुष्य जायबंदी होऊ शकतो. असे काम निःसंशय अनुभवी मिस्त्रीकडे सोपवावे, त्यात कमीपणा नाही.

काम आटोपल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून ब्रेकचा पाइप कोठे घासत नाही ना, हे पाहावे. थोडे अंतर हळू चालवून नट पुन्हा तपासावेत. अखेरीस चाकांची अलाइनमेंट यंत्रावर अवश्य करून घ्यावी. फेरे मोजून बसविलेला एंड गाडीस तेथपर्यंत नेण्यापुरताच होय. हा खर्च वाचविल्यास तोच पैसा टायरच्या रूपाने जातो.

आपल्या धंद्यात वर्षाचा हिशेब दिवाळीस पाहण्याची रीत आहे. आमची सूचना अशी की पावसाळा सरताच, सुगीच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वी, गाडीच्या चार रबरी टोप्या एकदा पाहून घ्याव्यात. टोपी शाबूत असेल तर काम घटकाभराचे आहे. फाटली असेल तर सांध्यास लागणारा पैसा एका पोत्याच्या नफा-तोट्याहून फारसा मोठा नाही. गाडीत बसणाऱ्या माणसांचे मोल मात्र कोणत्याही काट्यावर होत नाही.